कोर्टाची डावी बाजू

जिल्ह्यात मुलींचे बास्केटबॉलचे संघ मोजून दोन. एक वाशीमचा, एक आमचा. एकाच सामन्यात निकाल लावला की हरलेला संघ वर्षभर पंचांच्या नावानं बोटं मोडतो, म्हणून त्या वर्षी ठरलं की शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन सामने वाशीमच्या कोर्टावर खेळवायचे आणि जो दोन जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाईल. ते ठरवणाऱ्या बैठकीत मी होते आणि हात वर करणाऱ्यांत पहिली होते. तीन सामन्यांत खरा संघ कळतो, असं काहीतरी मी तिथे बोललेही. बोलायला मी कधीच कमी पडत नाही. जिथे बोलायला हवं तिथे मात्र तोंडात मिठाची गुळणी धरते, हे मला त्या तीन दिवसांत कळलं.

मी तेव्हा रिसोडजवळच्या एका मोठ्या गावात, अकरावीपासून पदवीपर्यंतच्या कॉलेजात खेळ शिकवत होते. नोकरी तासिकेवरची, म्हणजे दर जूनमध्ये संस्थेच्या अध्यक्षांच्या बंगल्यावर जाऊन पुन्हा नव्यानं हसायचं. मैदानावर माझा आवाज शेजारच्या बसथांब्यापर्यंत जायचा. बंगल्यावर गेले की तोच आवाज कुठे जायचा देव जाणे.

कॉलेजच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं. गावात एवढी मोठी, सपाट, सिमेंटची जागा दुसरी नव्हती. सोयाबीन मातीवर वाळवलं की त्यात खडे येतात आणि व्यापारी नाक मुरडतो. त्यामुळे दिवाळीच्या आसपास आमच्या कोर्टावर सोयाबीन पडायचं, संक्रांतीनंतर तूर, मग हरभरा आणि उन्हाळ्यात शिजवलेली हळद. यातलं पुष्कळसं अध्यक्षांच्याच शेतातलं. पहिल्या वर्षी मी शिपायाला म्हणाले होते, "अरे, पोरींनी खेळायचं कुठं?"

"अर्धं हाय ना मॅडम," तो म्हणाला. "पाच पोरीइले अर्धं पुरत नाई काय?"

मी हसले. अर्धं पुरतं, असं मी स्वतःला सांगून टाकलं.

ते अर्धं कोणतं, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. कोर्टाच्या पलीकडच्या टोकाची रिंग कधीच गळून पडली होती. अलीकडच्या रिंगेकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला रस्ता. ट्रॉली रस्त्याकडून मागे घेऊन रिकामी करायची, म्हणून धान्य नेहमी डावीकडे पडायचं आणि पसरत पसरत थेट रिंगेच्या समोरपर्यंत यायचं. उजवी बाजू आमची. चार वर्षं पोरी उजवीकडून पळाल्या, उजवीकडून बॉल टाकला, उजवीकडून घुसल्या.

धान्याला पाय लावायचा नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. बॉल उडून सोयाबीनमध्ये गेला की पोरगी बूट काढायची, चवड्यांवर चालत जाऊन बॉल आणायची आणि परतताना धान्याला हात लावून तो कपाळाला टेकवायची. पळताना कुणाचा पाय त्या कडेवर पडलाच, तर सराव तिथेच थांबायचा. पाया पडणं व्हायचं, मग पुढचा डाव. मला त्याचं कौतुकच वाटायचं. बाहेरून कुणी पाहुणे आले की मी ते सांगायचेसुद्धा, आमच्या पोरींवर संस्कार कसे आहेत म्हणून.

आमची बॉल खेळवणारी पोरगी, म्हणजे जिच्या हातात बॉल आला की बाकी चौघींनी कुठे जायचं ते ठरतं, ती रिसोडच्या एका वेल्डिंगवाल्याची. वडील पेरणीयंत्राचे फण आणि ट्रॉलीचे फाळके जोडायचे. आमची रिंगसुद्धा त्यांनीच जोडून दिली होती, तीही मी न मागता. धान्याला त्यांच्या घरी शब्द वेगळा, रिज्क, म्हणजे देवानं दिलेलं अन्न; रीत मात्र तीच. एकदा कोर्टावर आले असताना पोरीला म्हणाले, "रिज्क हाय बेटा, जपून पाय टाक." ती इतकी जपून पाय टाकायची की पळता पळता धान्याच्या कडेवर, वीतभर अलीकडे, दोन्ही पायांवर थांबायची. तिचा तो थांबा पाहण्यासारखा होता. एवढ्या वेगातून असं थांबणं मला स्वतःला विद्यापीठाकडून खेळताना कधी जमलं नव्हतं.

तिला पोलीस व्हायचं होतं. एकदा साध्या भरतीत थोडक्या गुणांनी राहिली होती. राज्य स्पर्धेला जाऊन तिथे काही करून दाखवलं तर खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांमध्ये तिचं नाव लागण्याची आशा होती. नाहीतर पुन्हा साध्या भरतीच्या मैदानावर धावायचं, हा दुसरा रस्ता होता. तिच्या वडिलांनी मला दुकानासमोर थांबवून सांगितलं होतं, "मॅडम, पोरगी मले वर्दीत पाह्यची हाय. बाकी मले काई नाई पाह्यजे." तिच्या बरोबरीच्या चौघी हौसेनं खेळत होत्या. तिचं तसं नव्हतं आणि हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवारचा सामना आम्ही नऊ गुणांनी जिंकलो. वाशीमच्या पोरी उंच, पण जड. आमची पोरगी उजवीकडून अशी घुसत होती की त्यांची उंच पोरगी नुसती हात वर करून उभी. जीपमध्ये परतताना पोरींनी गाणी म्हणून ड्रायव्हरचं डोकं उठवलं. मी पुढे बसून बोटांनी ताल धरला होता. इतकं साधं, स्वच्छ सुख मला त्यानंतर झालेलं आठवत नाही.

घरी आल्यावर चहा टाकला आणि कॉलेजच्या क्लार्कनं मोबाइलवर काढलेला सामना पाहायला बसले. दुसऱ्या सामन्यात काय बदलायचं, हे पाहायला म्हणून. आमच्या एकवीस टोपल्या, म्हणजे रिंगेत गेलेले बॉल, मी वहीवर मांडत होते, कोणती कुठून. सगळ्या खुणा पानाच्या एकाच बाजूला पडायला लागल्या. उजवीकडे. एक, दोन, दहा, सगळ्या. मग मी बॉल खेळवणाऱ्या पोरीच्या पायांकडे पाहायला लागले. तीन वेळा तिच्यासमोर डावी बाजू उघडी होती, अगदी मोकळी, आणि तिन्ही वेळा ती दोन पावलं तिकडे गेली, दोन्ही पायांवर थांबली आणि वळून उजवीकडे आली. वाशीमचं कोर्टही सिमेंटचंच, पण त्यावर धान्याचा दाणा नव्हता. ती तरीही कडेवर थांबत होती.

चहा उतू गेला तो पुसायलाही मी उठले नाही.

तेव्हाच्या तेव्हा पाचही जणींना बोलावून हे दाखवायला हवं होतं. पोरींनो, तुमच्या पायांत आपलं कोर्ट बसलंय, ते काढायचं आहे, इतकं साधं वाक्य होतं. मी ते बोलले नाही. स्वतःला कारणं भरपूर दिली. जिंकलेल्या संघाच्या पायाकडे बोट दाखवू नये. एका संध्याकाळीत चार वर्षांची सवय जात नाही, उलट पोरी चालायच्याही विसरतील. समोरच्यांना हे कळलेलं नाही. ही सगळी कारणं खरी असू शकतील, प्रशिक्षक अशीच कारणं देतात. पण खरं कारण वेगळं होतं. पोरींना सांगितलं की त्या विचारणार, कोर्टावर धान्य कुणी पडू दिलं? मग ते गावात जाणार, गावातून बंगल्यावर जाणार, आणि पुढचा जून काही चुकणार नव्हता. मी घाबरले. वही मिटली आणि ओटा पुसला.

वाशीमचे प्रशिक्षक निवृत्त मास्तर होते. डोक्यावर पांढरी टोपी, सामना चालू असताना खुर्चीवरून उठायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. मला वाटायचं, या म्हाताऱ्याला झोप लागली असेल. शनिवारी पहिल्या पाच मिनिटांत कळलं की शुक्रवारी तो जागा होता. त्यांची पोरगी आमच्या पोरीच्या समोर उभी राहण्याऐवजी तिच्या उजव्या खांद्याला चिकटून उभी राहिली. बाकीच्या चौघी एकेक पाऊल त्याच बाजूला सरकल्या. डावी बाजू त्यांनी आम्हाला दान दिली होती. ये म्हणत होते, जा तिकडून.

ती गेली नाही. दोन पावलं जायची, थांबायची, वळायची, आणि वळली की समोर दोघी.

मी टाइम-आऊट घेतला. बॉल तिच्या हातून काढून आमच्या शिरपूरच्या पोरीच्या हाती दिला, म्हणजे ही बॉलशिवाय मोकळी पळेल. शिरपूरच्या पोरीच्या हातून बॉल तीनदा निसटला. मग आमच्या उंच पोरीला वर बोलावून उजव्या बाजूला तिचा आडोसा केला, म्हणजे ती भिंतीसारखी उभी राहील आणि तिच्या आडून ही निघेल. त्यांनी कुणी कुणाला अडवायचं याची अदलाबदल केली आणि भिंतीच्या पलीकडेही माणूस उभं केलं. मग मी आमचा बचाव बदलला, एकीमागे एक धावायचं सोडून जागा वाटून उभं राहायला लावलं. त्यांनी लांबून बॉल टाकायला सुरुवात केली आणि ते जायलाही लागले. जे जे बदलता येत होतं ते सगळं मी बदललं. जे बदलायला हवं होतं ते सोडून. चौदा गुणांनी हरलो.

सामना संपल्यावर म्हातारे पहिल्यांदा खुर्चीवरून उठले आणि माझ्याकडे आले. "बाई, राग नका मानू," ते म्हणाले. "तुमच्या पोरी डाव्या अंगानं जातच नाहीत. काई कारण हाय काय?"

त्यांच्या आवाजात खोच नव्हती. खेळ कळणाऱ्या माणसाचं कुतूहल होतं. "उद्या पाहा," मी म्हणाले आणि तोंड फिरवलं.

रविवारचा सामना दुपारी चारला होता. सकाळी मी पोरींना गावातल्या मैदानावर बोलावलं, कारण कोर्टावर सोयाबीन होतं. मातीवर चुन्यानं रेघा मारल्या. रिंग नव्हती, खांबाला टोपलं बांधलं. "आज डावीकडून," मी सांगितलं. "त्यायनं बाजू उघडी ठेवली ना? मंग घ्या." डाव नवा बसवला. उंच पोरगी डावीकडून उजवीकडे जाईल, तिच्यामागे त्यांची उंच पोरगी जाईल, डावी बाजू रिकामी होईल आणि ही तिकडून एकटी घुसेल. कागदावर उत्तम डाव होता. आजही मी तो शिकवते.

दम खाताना ती माझ्याजवळ आली. डोळ्यांखाली काळं झालं होतं, रात्रभर झोपली नसावी.

"मॅडम, एक विचारू काय?"

"विचार न."

"मी डावीकडं काहून थांबून राह्यली? मले जायचं असते. पायच थांबते. मले काई समजूनच नाई राह्यलं."

मैदानावर आम्ही दोघीच होतो. बाकीच्या पाणी प्यायला गेल्या होत्या. पोरीनं स्वतःहून माझ्या पुढ्यात प्रश्न आणून ठेवला होता, मला फक्त उत्तर द्यायचं होतं.

"थकली तू," मी म्हणाले. "दोन दिवसांची दगदग हाय. इचार नको करू."

"हाव मॅडम," ती म्हणाली. तिनं मान डोलावली आणि पुन्हा उभी राहिली. मग दोन तास ती डावीकडून धावली, एकदाही न थांबता. मातीवर तिचा पाय कुठेच अडला नाही. मला वाटलं, झालं, सुटला तिढा, बोलायची गरजच उरली नाही. तिचा पाय सिमेंटवर थांबायला शिकला होता, मातीवर नाही, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

तिसऱ्या सामन्याचं सगळं सांगत नाही. पहिली तीन सत्रं, म्हणजे क्वार्टर, आम्ही अंगाला अंग लावून होतो. डावीकडून आमची शिरपूरची पोरगी दोनदा गेली, वाशीमचे म्हातारे खुर्चीत पुढे सरकून बसले. आमची मुख्य पोरगी उजवीकडून मारामारी करून गुण आणत होती, कोपर फुटलं होतं, त्यावर रुमाल बांधला होता. दोनदा संधी आली तरी तिला मी डावीकडे पाठवलं नाही, मुद्दाम. तो डाव शेवटासाठी राखून ठेवला होता. हुशारी म्हणतात याला.

आठ सेकंद उरले तेव्हा आम्ही एका गुणानं मागे होतो आणि बॉल आमच्याकडे होता. मी टाइम-आऊट घेतला. तिचे वडील पायऱ्यांवर बसले होते, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. दुकान बंद ठेवून आले होते. हात मांडीवर पालथे ठेवले होते आणि ते हलवत नव्हते.

दोन रस्ते होते. उजवीकडून गर्दीत बॉल टाकायचा, गेला तर गेला. किंवा डावीकडचा सकाळचा डाव. मी डावीकडचा सांगितला.

"डावीकडूनच ना मॅडम?" तिनं विचारलं.

"डावीकडूनच. थांबू नको. पाय थांबला तरी तू थांबू नको."

तिचा पाय थांबणार, हे मला माहीत होतं, म्हणून तर ते वाक्य तोंडून गेलं.

डाव ठरल्याप्रमाणे उलगडला. उंच पोरगी उजवीकडे गेली, तिच्यामागे त्यांची उंच पोरगी गेली आणि डावी बाजू मोकळी झाली. ती निघाली. एक टप्पा, दोन टप्पे, समोर कुणी नाही, रिंगेपर्यंत सरळ रस्ता. आणि रिंगेच्या समोरच्या रेषेवर ती दोन्ही पायांवर थांबली. खाली पाहिलं. डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ. मागून वाशीमच्या पोरीनं बॉल काढून घेतला आणि शिट्टी वाजली.

ती तिथेच उभी राहिली. कुणी तिला धक्का दिला नव्हता, कुणी अडवलं नव्हतं. सगळ्या मैदानानं तिला मोकळ्या जागेत स्वतःहून थांबताना पाहिलं.

जीप निघाली. ती मागे कोपऱ्यात बसली होती आणि बाकीच्या चौघींच्या आणि तिच्यामध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती. एक शब्द बोलले असते तर ती जागा भरली असती. मी रस्त्याकडे पाहत राहिले.

सोमवारी ऑफिसात अध्यक्ष आले होते. क्लार्क होता, शिपाई होता, दोन प्राध्यापक चहा घेत होते. अध्यक्षांनी विचारलं, "काय बाई, जिंकून राह्यलेला सामना कसा काय गेला?"

खिडकीतून कोर्ट दिसत होतं. त्यांचंच सोयाबीन. दोन बाया फावड्यानं ते उलथत होत्या.

"पोरगी ऐन वेळी घाबरली, सर," मी म्हणाले.

"होते तसं," अध्यक्ष म्हणाले. "पोरीच त्या." सगळे हसले. मीही हसले. हे लिहिताना लाज वाटते, पण हसले.

आमच्याकडे ऑफिसात बोललेलं संध्याकाळपर्यंत रिसोडला पोचतं. चार दिवसांनी ती संघाचे कपडे परत द्यायला आली, धुऊन, इस्त्री करून. टेबलावर ठेवले आणि म्हणाली, "माह्यानंच गेलं मॅडम सगळं. मी घाबरली म्हणतात सगळे. मले तं तसं काई वाटलं नोतं, पण तुमी पाह्यलं असन."

म्हणजे ती माझ्या शब्दावर स्वतःच्या जिवापेक्षा जास्त विश्वास ठेवत होती.

"जाऊ दे," मी म्हणाले. "होतं असं. भरतीची तयारी कर."

त्यानंतर ती कोर्टावर आली नाही. पुढच्या जूनमध्ये अध्यक्षांनी मला काढून टाकलं, त्यांच्या मेहुण्याच्या सुनेला लावायचं होतं म्हणून. एवढं जपून शेवटी हे. मी अनसिंगला माहेरी आले, तिकडच्या शाळेत लागले, तिथेही पोरी जमवल्या. त्यांचं कोर्ट मातीचं आहे आणि त्यावर मी कुणाला काही वाळवू देत नाही. त्यावरून माझी गावाशी दोनदा भांडणं झाली आणि दोन्ही वेळा मी जिंकले. त्यानं काहीही भरून निघालं नाही.

गेल्या वर्षी, पुष्कळ वर्षांनी, रिसोडला गेले होते. माझ्या संघाच्या पोरींची नावं ऑनलाइन नोंदवायची होती आणि कुणीतरी बाजारातलं एक दुकान सांगितलं. आत संगणकापुढे ती बसली होती. अंगानं भरली होती, चष्मा लागला होता. मला पाहून लगेच उठली, खुर्ची पुसून दिली. समोरच्या बाजूला, रस्त्यापलीकडे, तिच्या वडिलांचं दुकान तसंच होतं. ते पाठमोरे बसून काहीतरी जोडत होते.

बाकावर तीन-चार पोरी कागद घेऊन बसल्या होत्या. पोलीस भरतीचे फॉर्म भरायला. ती एकेकीला विचारत होती, उंची किती, धावते का, फोटो आणला काय. मी वाट पाहत बसले. पोरी गेल्यावर विचारलं, "तू गेली होती का मग भरतीच्या ग्राउंडला?"

"नाई मॅडम. नाई जमलं," ती संगणकाकडे पाहत म्हणाली. "आता तं वय भी निघून गेलं. आणि आपला सोभावच घाबरट, तिथं काय टिकलो असतो?" ती हे हसून म्हणाली. आपल्याला मधुमेह आहे, असं सांगावं तितक्या सवयीनं म्हणाली.

मी तिला सांगितलं. सोयाबीन, ट्रॉली, व्हिडिओ, वही, सगळं. रविवारी सकाळी तिनं विचारलं तेव्हा मला उत्तर माहीत होतं, हेही. ऑफिसात ते वाक्य मीच बोलले आणि का बोलले, हेही. बोलताना माझा आवाज बंगल्यावर व्हायचा तसा झाला होता.

तिनं सगळं ऐकलं. चष्मा काढून ओढणीनं पुसला, पुन्हा लावला. मग तिनं विचारलं, "शुक्रवारीच माहीत झालं होतं तुमाले?"

"हो. शुक्रवारीच."

"आणखी कोणाले सांगतलं?"

"कुणालाच नाही."

"मंग अब्बाले सांगा," ती म्हणाली. "मले सांगून काय करता. अब्बाले सांगा."

मी रस्ता ओलांडला. त्यांनी मला ओळखलं, उठून उभे राहिले, यंत्र बंद केलं, चहा सांगू लागले. मी चहा नको म्हणाले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. या वेळी थोडक्यात सांगता आलं. ते डोळ्यांवरचा काळा चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. संपल्यावर त्यांनी हात पुसायला फडकं घेतलं आणि ते हातात तसंच धरून राहिले.

"ती तं तयार होती मॅडम," ते म्हणाले. "भरतीच्या ग्राउंडसाठी बूट आणले होते तिनं. रोज पाहाटे पळे. मीच म्हटलं, नको जाऊ. म्हटलं, मॅडमनं सोताच्या तोंडानं सांगतलं, का तू ऐन टायमाले घाबरते. चार लोकाइत हसू होईन. लय भांडली माह्यासंग. म्हणे, मी नाई घाबरली अब्बा. मी म्हटलं, मॅडम खोटं कायले बोलतीन?"

त्यांनी कपाळावरचा काळा चष्मा काढून ठेवला.

"दुसऱ्या वर्षी भी मीच नाई म्हटलं," ते म्हणाले. मग विचारलं, "तिले सांगतलं काय तुमी हे?"

"आत्ताच."

"काय म्हणे?"

"म्हणाली, अब्बाले सांगा."

त्यांनी रस्त्यापलीकडे पाहिलं. ती मान खाली घालून टाइप करत होती, तिच्यापुढे नवी गिऱ्हाइकं येऊन बसली होती. ते हळूच मागच्या लोखंडी पेटीवर टेकले. मला निघायचं होतं. पण ते उठल्याशिवाय निघता येईना, आणि ते उठत नव्हते.